तिथे आहे काय?

‘ट्रेक’ हा शब्द आपल्याकडे पावसाळ्याला इतका घट्ट चिकटलाय की एप्रिलमध्ये कोणी ट्रेकला निघालं म्हणालं, तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघतात. जून आला की ग्रुपवर धबधबे सुरू. निळे-पिवळे पोंचो, लोहगडाच्या पायऱ्यांवरची लोकलसारखी गर्दी, वर पोचल्यावर मॅगी आणि कांदाभजी. माझा त्याला विरोध नाही. मीही त्या रांगेत उभी राहून मॅगी खाल्लीय. पण या सवयीमुळे आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलंय: हिरवं असेल तो निसर्ग, आणि तपकिरी असेल तिथे काहीच नाही. ‘माळ आहे नुसता.’ ‘ओसाड आहे.’ ‘तिथे आहे काय?’

हा शेवटचा प्रश्न मला गेल्या वर्षी उज्जैनला देवास गेटवर विचारला गेला, तोही हिंदीत. देवास गेट म्हणजे रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळचा बसस्टँड. तिथे उतरलेल्या कुठल्याही माणसाला बॅग खाली ठेवायच्या आत ई-रिक्षावाले घेरतात आणि एका दमात यादी म्हणतात: महाकाल, हरसिद्धी, कालभैरव, मंगलनाथ, सांदीपनी, भर्तृहरी गुंफा. मी म्हटलं, उंडासा. वैश्य टेकरी. तो माझ्याकडे बघतच राहिला. “वहाँ क्या है, दीदी?” त्याचा काही दोष नाही. आपल्याकडून उज्जैनला जाणारी माणसंही महाकाल, ओंकारेश्वर, इंदूरचा सराफा असं पॅकेज उरकतात आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसतात.

आणि आपण मराठी माणसं तर तिथे पाहुणे म्हणवून घ्यायच्याही लायकीचे नाही, इतका आपला त्या गावाशी जुना घरोबा आहे. आजचं महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात उभं केलं राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत शिंद्यांचा कारभार इथूनच चालायचा. देवास गेटलाच माधव कॉलेज होतं. गजानन माधव मुक्तिबोध तिथे शिकले आणि प्रभाकर माचवे तिथे शिकवायचे; दोघांची घरची भाषा मराठी, आणि १९४३च्या ‘तार सप्तक’मध्ये दोघंही आहेत. माझी आत्या फ्रीगंजमध्ये राहते. तिचं मराठी ऐकलं की पुण्याच्या लोकांना हसू येतं, कारण ती बोलत नाही, ‘गोष्टी करते’.

तर सांगायची गोष्ट पंचक्रोशीची. उज्जैनभोवती एक पायवाटेची यात्रा आहे. ११८ किलोमीटर, पाच दिवस. उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे वैशाख कृष्ण दशमीला निघायचं आणि अमावास्येला परत यायचं. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे आपल्या कालनिर्णयात हीच तिथी चैत्र वद्य दशमी. महिन्याचं नाव काहीही घ्या, ऊन तेच: पारा चाळीसच्या आसपास. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून यात्रेकरू ‘बळ’ मागून घेतात आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ देवाला परत करतात. उसनं घेतलेलं बळ, वापरून झालं की जमा. मला ही कल्पना फार आवडली. लायब्ररीच्या पुस्तकांच्या बाबतीत हीच श्रद्धा असती तर आपल्या कपाटांची ही दशा झाली नसती, पण ते असो. पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला कायावरोहणेश्वर, पश्चिमेला बिल्वकेश्वर, उत्तरेला दुर्दरेश्वर असे महाकालवनाचे चार द्वारपाल मानलेत. त्यांना वळसा घालत, मुक्काम करत लोक चालतात. पीठ-डाळ डोक्यावर, संध्याकाळी गोवऱ्यांच्या विस्तवावर बाट्या. आपल्या वारीसारखी पालखी नाही, दिंडीची शिस्त नाही. आपापल्या गावचा घोळका, बस्स.

आत्याच्या शेजारच्या बायकांबरोबर मी त्यातले शेवटचे दोन दिवस चालले. जैथलहून उंडाशाकडे. त्यातल्या सगळ्यात वयस्क बाईंना सगळे ‘बई’ म्हणत, म्हणून मीही. पासष्टीच्या, चपला हातात, गाठोडं डोक्यावर, आणि माझ्या पुढे. माझ्याकडे पाठीला चिकटणारी पाण्याची पिशवी आणि ‘ट्रेकिंग पोल’ होता. तो पोल बघून बईंनी विचारलं, “पाय दुखतो का?” (मालवीत विचारलं, पण अर्थ हाच.)

आता त्या वाटेवर आहे काय, ते सांगते.

माळवा वाळवंट नाही. उलट त्याची ख्याती पावलोपावली पाणी असलेला मुलूख अशी आहे. जमीन काळी, खोल, गव्हा-सोयाबीनची. पण उन्हाळ्यात शेतं रिकामी झाली की बांधावर, टेकाडांवर, नाल्यांच्या काठी जे उरतं ते सगळं कोरड्या प्रदेशाचं असतं. शिंदीची झाडं. खैर. बोरी. पळस, त्यांचा ‘खाखरा’, फुलं संपून नवी पानं आलेला. रुई. नेपतीचं ते बिनपानांचं काटेरी जाळं. आणि हिंगण. हिरव्या लांब काट्यांचं, बघताक्षणी कोणाला प्रेम वाटणार नाही असं झाड. बईंनी त्याच्याखाली पडलेलं फळ उचललं. “यो हिंगोट हे, बेटी.” याच्या गराने रेशमी कपडे धुतात, याने खोकला जातो, आणि याची लढाई होते.

लढाई ही अतिशयोक्ती नाही. इंदूर जिल्ह्यात गौतमपुरा म्हणून गाव आहे. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाची कडक फळं पोखरून, आत दारू ठासून, तुर्रा आणि कलंगी असे दोन पक्ष ती एकमेकांवर पेटवून फेकतात. दरवर्षी माणसं भाजतात. मला त्यात काही शौर्य दिसत नाही. पण हेच फळ संस्कृतात ‘इंगुदी’. शाकुंतलात आश्रम जवळ आल्याची खूण काय, तर इंगुदीची फळं फोडून तेलकट झालेले दगड! तपस्वी हेच तेल वापरायचे. म्हणजे कालिदासाने हे झाड नुसतं ऐकलं नव्हतं, त्याखालचा दगड पाहिला होता. संस्कृतच्या तासाला ‘इंगुदी, एक वृक्षविशेष’ एवढं लिहून पुढे गेलेल्या मला त्या माळावर पहिल्यांदा त्या ‘विशेष’चा काटा टोचला.

याच झाडाची भावंडं आफ्रिकेत सहाराच्या कडेपर्यंत पसरलीत. आणि आपल्याकडे? हिंगणे, हिंगणगाव, हिंगणघाट ही नावं मी आयुष्यभर ऐकली. आता ऐकली की हे झाड दिसतं. बोरगाव, बाभूळगाव, पळसगाव, खैरगाव यांचंही तेच. आपल्या पठारावर गावांची बारशी झाडांवरून झाली, आणि ती झाडं बहुतेक सगळी काटेरी, कोरड्या जमिनीची.

इथे आपल्या मंडळाबद्दल थोडं बोलते, राग मानू नका. गेल्या तीन वर्षांचे आपले ई-अंक काढून बघा. आपल्या कथा-कवितांत झाड म्हणजे गुलमोहर. फार तर बहावा, नाहीतर ‘अनामिक झुडूप’. गुलमोहर सुंदर आहे, कॉलेजच्या गेटापाशी आहे, मान्य. पण तो मादागास्करहून आलेला पाहुणा आहे. हिवर, तरवड, हिंगण, नेपती हे शब्द आपल्यापैकी किती जणांनी कधी लिहिलेत? गवताला आपण ‘गवत’ म्हणतो. मेंढपाळ त्याला मारवेल म्हणतो, पवन्या म्हणतो, कुसळी म्हणतो, कारण त्याला कुठलं गवत मेंढीच्या तोंडात रुततं ते माहीत असावं लागतं. वाङ्मय मंडळाने शब्दांची काळजी करायची नाही तर कोणी करायची?

बरं, मिशनरी कॉलेजवाल्यांना हा विषय परका असायचंही कारण नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. वाळवून, चिकटवून, नावनिशी ठेवलेले दोन लाखांच्या आसपास नमुने. ज्यांच्या नावाने ते आहे ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट. बर्फाच्या देशातला माणूस. तो जोधपूर-जैसलमेरच्या वाळूत उतरला आणि प्राध्यापक हॉलबर्ग यांच्याबरोबर भारतीय वाळवंटातल्या वनस्पतींवर त्याने लेखमाला लिहिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ती १९१८पासून छापून आली. शंभर वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मास्तरांना वाळवंटात मोजण्यासारखं, नाव देण्यासारखं इतकं काही दिसलं. आपल्याला ‘तिथे आहे काय’ दिसतं.

आता अवशेषांकडे. उंडासा म्हणजे शहरापासून पाच-सहा किलोमीटर, मक्सी रस्त्याच्या बाजूला, तलावाकाठी. यात्रेचा मोठा मुक्काम. तिथून वैश्य टेकरी जवळ. लांबून बघाल तर मातीचा मोठा ढिगारा, वर काटेरी झाडं. प्रत्यक्षात तो मौर्यकाळातला विटांचा स्तूप आहे. अशोक राजा होण्याआधी उज्जयिनीचा कारभारी होता, आणि विदिशेच्या व्यापाऱ्याची मुलगी देवी ही त्याची बायको. टेकरीच्या नावातला ‘वैश्य’ लोक तिच्याशी जोडतात. पाटीवर गर्दी नाही, तिकीट नाही, सेल्फी पॉइंट नाही. मी वर चढले तेव्हा खाली एका शेळीवाल्याशिवाय कोणी नव्हतं. बई वर आल्या नाहीत. “मंदिर नाही ना? मग तू जाऊन ये.”

शहराच्या उत्तरेला गढकालिकेच्या बाजूला तर आख्खी जुनी उज्जयिनी मातीखाली आहे. १९३८-३९ साली ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी उज्जैनला खणलं. पुढे १९५६ ते ५८मध्ये न. र. बॅनर्जींनी गढावर खणलं, तेव्हा मातीचा प्रचंड तट, बाहेर खंदक, आणि नदीच्या पुराने तट फुटू नये म्हणून घातलेली लाकडं सापडली. अडीच हजार वर्षांपूर्वीची पूरनियंत्रण योजना! आज त्या तटावर बोरी-बाभळी आहेत. त्यांनीच तो धरून ठेवलाय असं मला तिथे उभं राहून वाटलं.

देवास गेटवरून मक्सीच्या बाजूला आणखी पुढे, उज्जैनपासून साधारण २५ किलोमीटरवर कायथा आहे. हे गाव वि. श्री. वाकणकरांमुळे जगाला कळलं. वाकणकर म्हणजे भीमबेटकावाले. १९५७च्या सुमारास रेल्वेच्या खिडकीतून खडक दिसले आणि ते शोधायला गेले, ती कथा सगळ्यांना माहीत असते. उज्जैनचे हे मराठी गृहस्थ आयुष्यभर माळव्याच्या पायवाटा तुडवत राहिले, आणि १९६४च्या सुमारास त्यांना कायथ्याचं पांढरीचं टेकाड सापडलं. १९६८मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अन्सारी आणि ढवळीकर तिथे खणायला गेले. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची वस्ती. एका घरात तांब्याच्या २८ बांगड्या मिळाल्या, शिवाय कुऱ्हाडी. एका भांड्यात शंखजिऱ्याचे सुमारे ४०,००० मणी, इतके बारीक की मी ते फोटोत मोहरी समजले असते.

आणि याहून मोठी गंमत पुढे आहे. माळव्यातल्याच नंतरच्या लोकांची रंगवलेली मडकी, जिला अभ्यासक ‘माळवा संस्कृती’ म्हणतात, ती आपल्या दायमाबादला सापडली, इनामगावला सापडली. इनामगावची पहिली वस्तीच त्यांची, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. शाळेत आपण शिकतो की मराठे माळव्यात गेले. हो, गेले. पण त्याच्या तीन हजार वर्षं आधी माळव्याची माणसं नर्मदा-तापी ओलांडून घोड नदीच्या काठी राहायला आली होती. कुठून आली असतील? अशाच कोरड्या माळांवरून, बोरी-हिंगणांच्या सावलीने. शेतात बोरं आणि बार्ली, हातात ती मडकी.

मग एवढं सगळं असताना आपल्याला ते दिसत का नाही? माझ्या मते अर्धी गडबड शब्दात आहे. सरकारी नकाशात खुरट्या झुडपांची जमीन आणि बरीचशी गवताळ माळरानं ‘पडीक जमीन’ या सदरात मोडतात. एकदा ‘पडीक’ म्हटलं की तिचं काहीही करता येतं. प्लॉट पाडता येतात, मुरूम काढता येतो, भराभर वाढणारी परदेशी झाडं लावून ‘हरित’ केल्याचा फोटो काढता येतो. वेडी बाभूळ अशीच उपयोगी म्हणून आणली, आणि आता तिने बाकीच्यांची जागा खाल्ली. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९मध्ये अभयारण्य झालं ते या उघड्या माळासाठीच. पण माळ म्हणजे जंगल नव्हे, मग तो वाचवायचा कशाला, हा प्रश्न अजून हुशार माणसंही विचारतात. जुन्या वस्त्यांच्या टेकाडांचंही तेच. पांढरीची माती शेताला चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून नेली जाते. त्यात खापरं जातात, मणी जातात. शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही. त्या ढिगाऱ्यात त्याच्यासाठी खत आहे, आणि त्यात आणखी काय आहे हे त्याला कोणी येऊन सांगितलेलं नाही.

२०२८मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. तयारी जोरात चालू आहे, रस्ते रुंद होतायत. मला भीती वाटते ती इथे. पंचक्रोशीच्या वाटेला फरश्या, लोखंडी कमानी, कुंडीतली पाम आणि रंगीत दिवे लागतील, आणि त्याला सगळे सुधारणा म्हणतील. पण हेही खरं, की ही भीती वाटायला मला सोपं आहे. मी दोन दिवस चालले, पायाला ब्रँडेड बूट होते, संध्याकाळी आत्याचा फोन यायचा की घ्यायला येऊ का. बईंना पाच दिवस चालायचं असतं, अनवाणी, चाळीस अंशात. त्यांना सावली हवी, पाण्याचा नळ हवा, बायकांसाठी दार असलेला संडास हवा. तापलेल्या खडीपेक्षा फरशी बरी असं त्यांनी म्हटलं तर मी कोण नको म्हणणार? वाटेवर एका ठिकाणी सावलीसाठी मारलेल्या पत्र्याखाली आम्ही बसलो तर भट्टीत बसल्यासारखं झालं. दहा पावलांवर कडुनिंब होता. सगळ्या बायका उठून तिकडे गेल्या. मला म्हणायचंय ते एवढंच: नळ द्या, संडास द्या, आणि सावलीसाठी कडुनिंब, पिंपळ, खिरणी, चिंच लावा, आत्ता लावा. बांधावरचे हिंगण आणि नेपती ‘साफसफाई’त उपटू नका. यात्रा त्यांच्यामुळे अडत नाही.

कोणी म्हणेल, यात्रेकरू झाडं-अवशेष बघायला थोडेच चालतात, तू उगाच तुझा ट्रेक त्यांच्यावर लादतेस. थोडं तसं आहे. पण जहांगीर बादशहाचं उदाहरण बघा. १६१७ साली तो उज्जैनला आला, कालियादहला उतरला, आणि गोसाईं जदरूप नावाच्या संन्याशाला भेटायला गेला. तो राहायचा एका अरुंद गुहेत, वस्तीपासून दूर. बादशहा शेवटचं थोडं अंतर पायी गेला आणि ते आठवणीने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. त्या गुहेची लांबी-रुंदी, तिचं दार किती लहान, सगळं. श्रद्धा आणि निरीक्षण एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात. बईंमध्येही राहत होती. वाटेवरच्या प्रत्येक झाडाचं नाव आणि उपयोग त्यांना माहीत होता. फक्त त्याला त्या ‘वनस्पतिशास्त्र’ म्हणत नव्हत्या.

आणि हो, एप्रिलात जा असं मी सांगत नाहीये. ऊन खरोखर जीव घेतं. डिसेंबर-जानेवारीत जा. पहाटे निघा, दहाला परत या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दोन लिटर पाणी, टोपी. कुसळांसाठी जाड मोजे. खापर दिसलं तर बघा, फोटो काढा, खिशात घालू नका.

येत्या सभेत मंडळाच्या वार्षिक सहलीचा विषय निघणार आहे आणि नेहमीप्रमाणे लोणावळा पुढे येईल. उज्जैन बजेटात बसणार नाही हे मला कळतं. म्हणून मी तेरचं नाव सुचवतेय. धाराशिव जिल्हा, गोरोबाकाकांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तगर म्हणून रोमपर्यंत माहीत असलेलं व्यापारी शहर, त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, लामतुरे संग्रहालय, आणि चारी बाजूंना माळ. वनस्पतिशास्त्र विभागाच्या एका मॅडम यायला तयार आहेत. मी विचारून ठेवलंय. किमान वीस नावं लागतील, सतरा झालीत.